थ्रेड लिफ्ट करायचं असेल तर हळदीच्या आठवड्यात नको

खानापूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हटलंय म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. वय 47. दोन वर्षांत खाणं-पिणं सांभाळून वजन चांगलं उतरवलं, शुगर होती ती ताब्यात आली, पण त्याबरोबर गाल खाली आले, हनुवटीच्या दोन्ही बाजूला कातडी लोंबायलीय. डिसेंबरात लेकीचं लग्न आहे. बेळगावात एका ब्युटी क्लिनिकमध्ये सांगितलं की थ्रेड लिफ्ट, म्हणजे कातडीखाली धागे घालून गाल वर ओढणं, ते करून घ्या, तासाभराचं काम, दुसऱ्या दिवशी शाळेला जा, पाच वर्षं बघायला नको, आणि या महिन्यात पैसे भरले तर डिस्काउंट. त्या विचारतात, "अक्का, हळदीच्या आठ दिवस आधी केलं तर चेहरा फ्रेश दिसेल ना? शाळेला किती दिवस रजा टाकू? घरात कुणालाच सांगितलेलं नाही, मिस्टरांनासुद्धा नाही. बीपीची गोळी चालू आहे, आणि रक्त पातळ व्हायची एक आहे, ती आधी बंद करायची का?"

अक्का म्हणून लिहिलंस तर तू-तुझं करूनच बोलते. आणि सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते थांबण्यासारखं नाही. रक्त पातळ व्हायची गोळी स्वतःच्या मनानं एक दिवससुद्धा बंद करू नकोस, क्लिनिकमधल्या रिसेप्शनवरच्या पोरीनं सांगितलं तरी नको. ती गोळी ज्या डॉक्टरांनी चालू केली त्यांनाच विचारायचं, ती कशासाठी दिलीय, थांबवता येते का, किती दिवस. ते नको म्हणाले तर विषय संपला, मग थ्रेड लिफ्टचा विचार त्या गोळीसकटच करायचा, रक्ताळून जास्त निळं-काळं होईल हे धरून, किंवा करायचंच नाही. चेहरा काय नंतरही बघता येतो गं, हार्टचं तसं नसतं.

आता हे प्रकरण नेमकं काय असतं ते सांगते, कारण "धागा घालतात" एवढंच ऐकून बायका जाऊन बसतात. मी बरीच वर्षं हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीत सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे हे टेबलाच्या बाजूला उभं राहून बघितलेलं आहे. धागे दोन तऱ्हेचे. एक गुळगुळीत बारीक, ते कातडी थोडी घट्ट करायला बरेच घालतात, त्यानं गाल वर येत नाही. दुसरे काटेरी, त्यांना कॉग म्हणतात, खरं उचलायचं काम यांचं. शेतातनं येताना साडीच्या काठाला कुसळ कसं चिकटतं, एका दिशेनं सरकत आत जातं आणि उलटं ओढलं तर येत नाही, अगदी तसं. तो धागा कातडीखालच्या चरबीत जाऊन अडकतो आणि त्याच्या आधारानं गाल वर धरला जातो.

धागा कशाचा आहे हे विचारायचंच. सगळ्यात जास्त वापरतात तो पीडीओ, म्हणजे पॉलिडायॉक्सॅनोन. हे काही नवीन केमिकल नाही, ऑपरेशन थिएटरात आतल्या टाक्यांना 1980 च्या दशकापासून वापरतात. शरीर तो सहा-आठ महिन्यांत विरघळवून टाकतं. पीएलएलए आणि पीसीएल असे विरघळणाऱ्या धाग्याचे आणखी दोन प्रकार आहेत ते जास्त टिकतात, वर्ष-दीड वर्ष, पीसीएल त्याहूनही थोडा जास्त. धागा विरघळेपर्यंत त्याच्या भोवती थोडं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार होतं म्हणून परिणाम लगेच उतरत नाही, पण हळूहळू उतरतोच. कुणाला सहा महिने, कुणाला वर्षभर, नशीब चांगलं तर थोडं पुढे. पाच वर्षं असं जे तुला सांगितलंय ते विरघळणाऱ्या धाग्याचं असूच शकत नाही. आणि कायम राहणारा धागा म्हणत असतील तर मग तिथनं उठून यायचं. 1990 च्या दशकाच्या शेवटी रशियात डॉ. मार्लेन सुलामानिद्झे यांनी हे काटेरी धागे आणले तेव्हा ते न विरघळणारे पॉलिप्रॉपिलीनचे होते, ते कातडीखाली दिसायचे, हाताला लागायचे, बाहेर यायचे, काढायलाही अवघड, म्हणून तर पुढे सगळे विरघळणाऱ्या धाग्याकडे वळले.

किती फरक पडतो ते घरीच बघ. आरशासमोर उभी राहा, कानाच्या पुढे, कल्ल्याजवळ दोन बोटं ठेव आणि कातडी अगदी हलकी वर-मागे सरकव, फार ओढू नकोस, बारीकशी. एवढंच. एवढ्यानं तुझं समाधान होत असेल तर पुढचं वाच. आणि तुला कान-डोळे एक होईपर्यंत ओढावं लागत असेल तर ते काम धाग्याचं नाही, वजन उतरल्यावर बरीच कातडी लोंबत असेल तर धागा तिला ओढून वर नुसती चुणी पाडतो, जादा कातडी कुठे जाणार? तिथे प्लास्टिक सर्जन फेसलिफ्टचं ऑपरेशन सांगतील, ते मोठं, खर्चाचं, कानामागे व्रण राहणारं, पण बरीच वर्षं टिकणारं. आणि एक, वजन अजून उतरायलंय का? उतरत असेल तर आधी ते एका जागी थांबू दे, नाहीतर आज धागा घालायचा आणि चार महिन्यांनी आणखी तीन-चार किलो कमी होऊन गाल परत खाली. दाढा काढल्या असतील आणि तिथे काही बसवलं नसेल तर त्यानंही गाल आत जातो, ते आधी डेंटिस्टकडे बघून घे, कारण दातांचं काम नंतर लगेच करता येणार नाही, ते पुढे सांगते.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय होतं तर पहिल्यांदा तुला सरळ बसवून पेनानं खुणा करतात. बसवूनच करायला पाहिजेत, झोपवलं की गाल मागे जातात आणि सगळं माप चुकतं, आल्या आल्या झोपवून खुणा करायला लागले तर विचार की असं का. मग कल्ल्याच्या केसात, जिथनं धागा आत जाणार तिथे आणि त्याच्या वाटेवर भूल देणारं इंजेक्शन. हे झोंबतं, नेहमीच्या सुईएवढंच नाही, चांगलंच झोंबतं. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा अ‍ॅड्रिनलिन असतं, त्यानं थोडा वेळ छाती धडधडते, बीपीवाल्यांनी तर हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं. मग बोथट टोकाची लांब पोकळ सुई आत सरकवतात, त्यातनं धागा. दुखत नाही पण कानाजवळ करकर असा आवाज आतनं येतो, बऱ्याच बायका त्यालाच घाबरतात, माहीत असलं की घाबरायला होत नाही. मग ओढून बसवतात, जादा टोक कापतात, टोक कातडीच्या आत गेलं पाहिजे. अर्धा तास ते तासभर. एवढं त्या क्लिनिकनं खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा, हे मात्र खरं नाही.

घरी येशील तेव्हा भूल असते, चेहरा जरा जास्तच ओढल्यासारखा दिसतो, डोळ्याचा कोपरा तिरका झाल्यासारखा, आरसा बघून बायका रडतात, तो ताण पुढच्या दिवसांत सैल पडतो. सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते, म्हणजे वाटतं काहीतरी बिघडलं, तसं नसतं. निळं-काळं पडतं, ते हिरवं-पिवळं होत होत आठ-दहा दिवसांत जातं, तुझी ती गोळी चालू राहिली तर दोन आठवडे धर. गालावर खळी किंवा चुणी पडल्यासारखं दिसतं, दहा जणींत एखादीला तरी हे होतं, बहुतेकवेळा दोन आठवड्यांत आपोआप बसतं. हसताना, जांभई देताना कानाजवळ आतनं खेचल्यासारखी कळ येते, ती दोन-तीन आठवडे अधनंमधनं येत राहते. एखाद्या जागी बधिरपणा, मुंग्या, तेही काही आठवडे. दुखायला पॅरासिटामॉल पुरतं बहुतेकींना. बाकी कुठली पेनकिलर मेडिकलमधनं विचारून आणून घेऊ नकोस, तुझ्या रक्ताच्या गोळीबरोबर ती धोक्याची पडते.

आता शाळेचं. तू शिक्षिका आहेस हीच खरी अडचण आहे आणि ती त्या क्लिनिकमध्ये कुणी विचारलीसुद्धा नसेल. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर गप्प बसणारी बाई तीन-चार दिवसांत मास्क लावून कामाला जाईल, तुला पन्नास पोरांसमोर पाढे म्हणून घ्यायचे असतात, प्रार्थना असते, ओरडावं लागतं, तोंड मोठं उघडलं की तो काटा अडकलेल्या जागेवरनं सुटतो आणि एकदा सुटला की त्या बाजूचा गाल खाली, दुसऱ्या बाजूचा वर, मग तिरकं. पहिले दोन आठवडे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही, जांभई आली तर हनुवटीखाली हात धरायचा. म्हणून रजेचा हिशोब सोड, दसऱ्याची सुट्टी धर. आपल्याकडे कर्नाटकात दसऱ्याला मोठी सुट्टी मिळते, पलीकडे महाराष्ट्रातल्या बायकांना ती दिवाळीला मिळते, तुझं बरं आहे, सुट्टी लागली की पहिल्या एक-दोन दिवसांत करून घेतलंस तर दोन आठवडे घरातच निघतात आणि शाळा उघडेपर्यंत चेहरा माणसात येतो. तिथनं लग्नाला दीड-दोन महिने हातात राहतात. लग्नाआधी कमीत कमी महिनाभर, सहा आठवडे तर फारच चांगलं, म्हणजे चुणी राहिली, एक बाजू कमी-जास्त झाली तर डॉक्टरांना दुरुस्त करायला वेळ मिळतो.

आणि हळदीच्या आठ दिवस आधी का नको ते आता तुलाच कळेल. नवरीच्या आईला कोण सोडतंय? आत्या, मावशी, जाऊबाई, शेजारणी, सगळ्या दोन्ही हातांत हळद घेऊन दोन्ही गाल चोळणार, तेही वरनं खाली, तू नको नको म्हणशील तेवढ्या जास्त चोळतील. चेहऱ्याला मसाज हे तर तीन-चार आठवडे एकदम वर्ज्य. त्यात घाणा, मांडव, पाहुणे, जागरण, रडणं, प्रत्येकाशी हसून बोलणं. फोटोत तर सूज आणि पिवळे डाग सगळ्यात आधी दिसतात, मेकअपवाली कितीही थर देऊ दे.

घरी पाळायच्या गोष्टींत सगळ्यात अवघड झोपणं आहे. पाठीवर, डोक्याखाली दोन उशा, कुशीवर नाही, निदान दहा-पंधरा दिवस. दोन्ही बाजूला तक्क्या लावून झोप म्हणजे झोपेत वळायला होत नाही. खायला मऊ भात, पेज, आंबील, खिचडी, वरणात कुस्करलेली चपाती. ज्वारीची भाकरी करून खायची सवय असेल तर दुधात नाहीतर आमटीत चांगली भिजवून घे, चावत बसू नको, आणि सीझन सुरू झाला म्हणून कुणी ऊस सोलून दिला तर हात लावायचा नाही. तोंड धुताना पाणी हलकं मारून टॉवेल नुसता टेकवायचा. केस दुसऱ्या दिवसानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा कुणाकडून तरी धुऊन घे, मागे मान टाकून. कल्ल्याजवळ क्लिपा, घट्ट वेणी, डायचा ब्रश, काही नको. शेगडीसमोर तास तास उभं राहणं, वाफ घेणं, व्यायाम, दोन आठवडे बंद. दातांचं काम महिनाभर तरी पुढे ढकलायचं, तोंड उघडं धरून बसावं लागतं म्हणून. आणि स्कूटी! हेल्मेट घालताना-काढताना नेमकं कल्ला आणि गाल दोन्ही घासतं, हेल्मेट न घालता जाणं हा काही उपाय नाही, म्हणून दोन-तीन आठवडे गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची आणि तू कारनं किंवा बसनं. बसमध्ये खिडकीला गाल टेकवून झोपायची सवय असेल तर तीही नको.

राग मानू नकोस पण विचारते, मिश्री लावतेस का? आपल्या भागात किती बायका लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आणि ती बोटानं हिरड्यांना घासताना गालही हलतो. आधी दोन-तीन आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस बंद ठेवावी लागेल. शुगरचंही तसंच, नुसती ताब्यात आहे म्हणून चालणार नाही, एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून रिपोर्ट घेऊन जा, जास्त असेल तर इन्फेक्शनची भीती वाढते आणि चांगला डॉक्टर स्वतःच थांबा म्हणेल.

लगेच दाखवायला कधी जायचं, हे लक्षात ठेव. सूज तीन दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढायलीय, जागा लाल, गरम, ठणकायलीय, पू, ताप. जेवताना कानाखालचा गाल टम्म फुगतोय, म्हणजे लाळेच्या ग्रंथीला लागलेलं असू शकतं. भूल उतरल्यावरसुद्धा ओठ एका बाजूला ओढला जातोय किंवा डोळा नीट मिटत नाही, तर त्याच दिवशी. आणि धाग्याचं टोक बाहेर आलं तर ओढायचं नाही. आमच्याकडे एक बाई आली होती, कल्ल्यावर ब्रशच्या केसासारखं टोक बाहेर, ते तिनं भुवयांच्या चिमट्यानं दोन दिवस ओढलं होतं. आतला काटा कातडी धरून बसलेला, त्यामुळे तिथे चांगला खड्डा पडला आणि वरनं पिकलं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ते टोक पाच मिनिटांत नीट कापून दिलं असतं.

म्हणून डॉक्टर कोण हे डिस्काउंटपेक्षा शंभर पटीनं महत्त्वाचं. तू लिहिलंस त्यात क्लिनिकचं वर्णन आहे, मशीनचं आहे, ऑफरचं आहे, डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. धागा स्वतः कोण घालणार, त्यांची डिग्री काय, स्किनचे एमडी की प्लास्टिक सर्जरीचे एमसीएच, की नुसता कॉस्मेटॉलॉजीचा दोन महिन्यांचा कोर्स? मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागायचा, खरा डॉक्टर रागावत नाही. कर्नाटकात प्रायव्हेट दवाखान्यांसाठी 2007 चा केपीएमई कायदा आहे, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे, ते वाच. पार्लरच्या मागच्या खोलीत, बाहेरनं महिन्यातनं एकदा येणाऱ्या डॉक्टरकडून तर अजिबात नको, ते गेल्यावर तुला काही झालं तर बघणार कोण? कोल्हापूरला किंवा पुण्याला स्वस्त मिळतं म्हणून जायच्या आधीही हाच विचार कर, आठवड्यानं आणि महिन्यानं दाखवायला जावं लागतं आणि मधे काही झालं तर रात्री शंभर किलोमीटर जाणार का? खानापूरहून बेळगाव पाऊण तासावर आहे, तिथे चांगले स्किनचे आणि प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर आहेत.

सहीच्या कागदाचं पण सांगते. तो इंग्रजीत असतो नाहीतर कन्नडमध्ये, आपण बायका भिडेनं सही करून मोकळ्या होतो. मला मराठीत समजावून सांगा असं सरळ म्हणायचं, त्यात कुठली कुठली गुंतागुंत लिहिलीय, परत करावं लागलं तर पैसे कुणाचे, हे सगळं विचारायचं. धाग्याचं सीलबंद पाकीट तुझ्यासमोर फोडायला सांग आणि त्याच्यावरचं कंपनी, बॅच नंबर आणि एक्स्पायरीचं स्टिकर फाईलला लावून घे. पक्कं बिल घे. कॉस्मेटिक कामावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या रकमेत धरलाय की वरनं घेणार ते आधीच ठरव, आणि मेडिक्लेममधनं यातला रुपया मिळत नाही. लग्नाच्या वर्षात हप्त्यानं हे करू नकोस असं मला मनापासनं वाटतं, वर्षभरात उतरणाऱ्या गोष्टीचे हप्ते ती उतरल्यावरही भरत बसायचं कशाला.

करावं का, असं तू विचारलं नाहीस पण मी सांगते. वजन थांबलेलं असेल, कातडी थोडीशीच सैल असेल, शुगर-बीपी ठीक, गोळीला डॉक्टरांची हरकत नाही, आणि दसऱ्याच्या सुट्टीत जमत असेल तर कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लेकीच्या लग्नात आपण चांगलं दिसावं असं कुणाला वाटत नाही? यातलं एक जरी जमत नसेल तर या वर्षी सोड. चांगल्या स्किनच्या डॉक्टरांकडून नुसती ट्रीटमेंट आणि क्रीम घे, शाळेच्या ग्राउंडवर जाताना सनस्क्रीन लाव, दोन महिन्यांत त्वचेला जो तजेला येतो तो फोटोत दिसतो, आणि लग्न झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत निवांतपणे ठरव, तेव्हा तर दीड महिना हातात असतो.

मिस्टरांना सांगायचं. परवानगीसाठी म्हणत नाही मी, पैसे तुझे, चेहरा तुझा. पण त्या दिवशी घरी आणायला माणूस लागतं, पहिल्या दोन रात्री कुणीतरी जवळ पाहिजे, आणि सुजलेला निळा चेहरा घेऊन एका घरात लपून कशी राहणार आहेस? सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा, दाढेचं काम झालंय म्हणालीस तर मऊ भाताचा प्रश्नही सुटतो.

आत्ता पैसे भरू नकोस. या आठवड्यात आधी तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, गोळ्यांची चिठ्ठी आणि शुगरचा रिपोर्ट घेऊन. ते हो म्हणाले तरच पुढे स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. ते काय म्हणाले ते मला परत लिही, धाग्याचं नाव आणि डॉक्टरांची डिग्री पण लिही, वाट बघते.